कमांडर आणि सात मयत

४ जून २०१२, सोमवार
आजपासून ऑफिसात ट्रेनिंग. पूर आला, आग लागली, तर कुणी काय करायचं याचं. शिकवायला नागपूरहून विवेक सर आलेत. शुक्रवारी तळ्यावर मॉक ड्रिल, म्हणजे पुराची खोटी तालीम. तहसीलदार साहेबांनी मला कमांडर केलं. दुसऱ्या कुणी हात वर केला नव्हता, पण ते सोडा. अव्वल कारकून उगाच नाही झालो.

मुख्य गोष्ट: गोंदियाच्या आपत्ती कक्षात एक जागा रिकामी आहे. ड्रिल पाहायला वरचे साहेब येणार आणि त्यातूनच माणूस उचलणार. जागा मिळाली तर कुडव्याच्या घरून ऑफिस हाकेवर. नाहीतर आहेच इथवर रोजचा कोहमाऱ्याचा लांबचा रस्ता आणि माझी फटफटी. आई वर्षभर अंथरुणाला खिळलेली. बायको शामकला एकटीच तिला उठवते, बसवते, धुते. मी पोचतो तोवर दोघी झोपलेल्या. काल म्हणाली, "माही कंबर गेली आता. गोंदियाचं जमवा, नाहीतर मी पडली का दोघींले तुमीच पाहा."

जमलंच समज, असं सांगून टाकलं.

५ जून, मंगळवार
सर म्हणतात, कमांडरने ताबडतोब तोंडी हुकूम द्यायचे. हुशार माणूस, पण सरकारी नोकरी केलेली दिसत नाही. तोंडी कामाची उद्या चौकशी लागली तर? मी पद्धत सुधारली. बातमी लेखी येईल, टिप्पणी लागेल, मग माझ्याकडे. लेक्चरमध्ये मला डुलकी लागली असं दामिनी म्हणते. ज्युनियर आहे. मी डोळे मिटून ऐकतो, हे तिला काय कळणार.

६ जून, बुधवार
रिहर्सल. शिपाई खेमराज धावत आला, साहेब नाव उलटली, माणसं बुडून राहिली. लेखी दे म्हटलं. दिलं बिचाऱ्याने. आवक नंबर पडला. दामिनीने टिप्पणी लिहिली. मी त्या टिप्पणीवर 'चर्चा करावी' असा शेरा मारून सही केली. झकास सही आली होती.

तोवर सरांच्या हिशोबाने सात जखमी मेले. जितका उशीर तितके मयत, असा त्यांचा नियम. आधी सांगायला नको?

आकडा दामिनीने संध्याकाळीच जिल्ह्याला कळवला. आता शुक्रवारी सात मयत दाखवावेच लागतील. कमी करायचे तर नव्याने मंजुरी. तिला कमी करण्याचा प्रस्ताव ठेव म्हटलं, तर हसली.

७ जून, गुरुवार
मरायला कुणी तयार नाही. हात जोडले अक्षरशः.

खेमराज म्हणतो, पाय तोडा, डोकं फोडा, जखमी व्हायला ना नाही, पण पोरीचं साक्षगंध तोंडावर आहे, मरणार नाही. भांडारातला उदाराम म्हणाला, बायकोने सोमवारीच वडाला दोरा गुंडाळला, आणि चौथ्या दिवशी मी मेलो तर ती मला घरात घेईल का? सुशिलाबाईंनी तर नुसतं पाहिलं माझ्याकडे. ते पाहणं वाईट होतं.

शेवटी सहा होमगार्ड कबूल झाले. झोपून राहायचं काम आहे म्हटल्यावर लगेच. एक कमी पडतो. मिळेल. शामकलाला फोन करून सांगितलं, तयारी पूर्ण आहे. ती म्हणाली, आई आज पलंगावरून घसरली, शेजारच्यांना हाक मारावी लागली. उद्या काही झालं तरी जमवायचं.

८ जून, शुक्रवार
सातवा मिळाला नाही.

वरच्या साहेबांची गाडी फाटकात शिरली तेव्हा पांढऱ्या चादरी सात आणि मयत सहा. तहसीलदार साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "कमांडरच्या खुर्चीवर दामिनी बसेल. तुम्ही आडवे व्हा."

झालो. पुढारी माणसाने जिथे कमी तिथे उभं राहावं. किंवा पडावं. तळ्याकाठची जमीन तव्यासारखी तापलेली, कानात मुंगी शिरलेली. मी हललो नाही. माइकवर दामिनीचा आवाज येत होता. कागद नाही, टिप्पणी नाही, नुसती सांगत सुटली होती, आणि माणसं भराभर पाण्याबाहेर निघत होती. हे नियमात बसत नाही. कुणी तरी आक्षेप घेईल, असं चादरीखाली वाटत होतं. कुणी घेतला नाही.

वरचे साहेब माझ्याजवळ थांबले. हा फार नैसर्गिक आहे म्हणाले. म्हणजे नजरेत भरलो!

संपल्यावर होमगार्ड आपापले उठून गेले. मी उठण्याच्या हुकमाची वाट पाहत राहिलो. शेवटी डोळा उघडला तर जेवणाची पातेली घासून राहिले होते.

जागा नक्की. शामकलाला तसं सांगितलं. ती रडली. मलाही भरून आलं.

२५ जून, सोमवार
ऑर्डर आली. गोंदियाला दामिनी.

माझं नाव आहे, दुसऱ्या परिच्छेदात. उल्लेखनीय कामगिरीबद्दल जिल्ह्यातल्या उरलेल्या सर्व ड्रिलमध्ये मला मयत म्हणून पाठवावं. देवरीपासून सुरुवात. प्रवासभत्ता नियमाप्रमाणे. म्हणजे आता कोहमाऱ्याच्याही पुढे.

दामिनी पेढा द्यायला आली. घेतला. चांगली पोरगी आहे, कुठे चिडायचं.

हाफ डे टाकून घरी आलो. रस्ताभर वाक्यं जुळवली: ही तात्पुरती व्यवस्था आहे, जिल्हा पातळीवर ओळख होतेय, पुढच्या वर्षी नक्की. शामकलाने चेहरा पाहिला आणि आईच्या पलंगाकडे वळली. कूस बदलायची वेळ होती. मी पुढे झालो. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं तसं सांगायला लागलो, आधी मान कुणी सांभाळायची, मग कंबर कुणी, आणि तीन म्हटल्यावरच उचलायचं.

"बोलू नका," ती म्हणाली. "धरा."

धरलं. आई किती हलकी झाली आहे. मला माहीतच नव्हतं.