फुगलेले मेणपत्रे

४ मार्च

ती. दादा,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी तुला मधमाश्यांपासून लांब राहायला सांगितलं, तू लेकीकडे जाऊन बसलास आणि मधपेट्या मात्र माझ्या गळ्यात मारल्यास. मी शिवणकाम करणारी बाई! पेटीतल्या चौकटीच्या पट्ट्या जुळवायला जावं, तर खिळा ठोकला की लाकूड चिरतं, आणि चौकट झालीच तर एका अंगाला कलते. तुझ्या हातोडीचा मला वीट आला आहे.

त्यातून हे मेणपत्रे. माश्यांनी पोळं बांधावं म्हणून हे मेणाचे पातळ पापड चौकटीत बसवले, तेव्हा छान सपाट होते. जुनीवर चढवलेल्या नव्या पेटीत ठेवून दुसऱ्या दिवशी पाहिले, तर पोट काढून बसलेले! माश्यांनी त्यावर वेडंवाकडं बांधायला घेतलं होतं, म्हणून सगळे बाहेर काढले. जुनी पेटी गच्च भरली आहे. वेळेत जागा मिळाली नाही तर राणीला घेऊन निम्म्या माश्या निघून जातात, हे तूच सांगायचास. काय चुकतंय ते ताबडतोब कळव, तोवर मी कशाला हात लावत नाही.

पथ्याची चौकशी करत नाही, तू खोटंच सांगशील. भाचीला माझी आठवण सांग.

तुझी वैतागलेली,
धाकटी

११ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून कपाळाला हात लावला. पत्रे झगा बेतल्यासारखे बेतलेस ना? शिवणीपुरतं चहूबाजूंनी जास्त ठेवलं असशील आणि मग कोंबून बसवलं असशील. अगं, पेटीतल्या उबेनं मेण पसरतं. पत्रा वरच्या खाचेत घट्ट आणि बाकी तिन्ही बाजूंना सुटा हवा. खिळ्याआधी लाकडाला बारीक भोक पाड. चौकटीचे दोन्ही कर्ण दोरीनं मोज, सारखे भरले तरच पक्कं कर.

पण हे तुझ्याच्यानं होणार नाही. शेजारच्या मास्तरांना निरोप धाडला आहे, ते पेट्या घेऊन जातील. लेक मला इथे बागेतसुद्धा फिरू देत नाही. आयुष्यभर सांभाळलेल्या माश्या अशा वाया जाताना नुसतं पत्र लिहीत बसायचं, याची फार चीड येते. तू मनाला लावून घेऊ नकोस.

आशीर्वाद आहेतच, मागायला नकोत.

तुझा,
दादा

२० मार्च

ती. दादा,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्याच दिवशी निम्म्या माश्या गेल्या. भर दुपारी पेटीतून लोटच्या लोट बाहेर पडले, छपरावरून पलीकडे गेले, आणि मी हातात कात्री घेऊन बघत राहिले. तुझ्या उत्तरासाठी थांबले होते! रडले, दादा. तुझा राग आला, त्याहून जास्त माझा.

झग्याचं म्हणशील तर हो, तसेच बेतले होते. भाचीला हसायचं तर हसू दे.

पत्र वाचलं आणि सगळ्या चौकटी उसवल्या. कर्ण जुळवले, पत्रे तीन बाजूंनी सुटे ठेवले. काल पेटी उघडून पाहिली, तर उरलेल्या माश्यांनी पत्र्यावर अगदी सरळ पोळं धरलं आहे.

मास्तर हातगाडी घेऊन आले होते. दादांचा निरोप आहे म्हणाले. मी म्हटलं, दादा तिकडे आहेत आणि पेट्या इकडे. चहा पाजला आणि रिकामी गाडी परत पाठवली.

पेट्या कुठेही जाणार नाहीत. आणि यापुढे तुला विचारून काही करणार नाही, करून कळवीन. चुकलं तर पत्रातून खुशाल शिव्या घाल.

रागावलास तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी