भिंतीला लागलेला चिंचोका

आत्या, तुझे चिंचोके अजून माझ्याकडे आहेत. एका बाजूनं पाट्यावर घासून पांढरे केलेले, दुसऱ्या बाजूनं तसेच काळे. शाळेच्या आधीची माझी शाळा म्हणजे तुझ्या स्वयंपाकघरातली फरशी. सात रस्ता चौकातल्या दुकानासाठी तू कडक भाकऱ्या करायचीस आणि चुलीपासून हातभर अंतरावर चिंचोके टाकून खेळायच्या चौकाबाऱ्याची घरं खडूनं आखलेली असायची. मोजणं, वाट बघणं आणि हरणं तू मला तिथंच शिकवलंस. त्यातलं हरणं मला काही जमलं नाही. दान वाईट पडलं की मी ओरडते, "आत्या, भिंतीला लागलं! पुन्हा टाकते." तू भाकरी थापता थापता, मान न वळवता म्हणतेस, "पडलं ते पडलं. चांगलं पडतं तवा कुटं जाती गं तुझी भिंत?" मी रडायला लागले की "साकु, साकु, पुरे आता," म्हणत गरम भाकरीचा तुकडा शेंगाचटणीला लावून माझ्या तोंडात कोंबतेस. तू गेलीस तेव्हा मी आठवीत होते. त्यानंतर कुणाशी तो डाव मांडला नाही.

तू असतीस तर विचारलं असतंस, "एवढं शिकून करतीस काय?" हायड्रोजन पोलादातून कसा सरकतो, ते मी कॉम्प्युटरवर बघते. हायड्रोजनचा अणू इतका लहान, की लोखंडाच्या अणूंमधल्या फटींतून तो घराघरानं उड्या मारत जातो. पुढची उडी कुठं, ते दानावर. वाटेत धातूत खोट असली की तिथंच अडकतो, फुलीच्या घरात बसलेल्या सोंगटीसारखा. तिथं सोंगटीला कुणी मारत नाही, ती निवांत असते. पोलादाचं मात्र उलटं. एका जागी असे फार जमले की हायड्रोजन नेणारा पोलादी पाइप ठिसूळ होतो, तडकतो. हे दान कॉम्प्युटरच टाकतो, पण सुरुवातीला त्याला एक आकडा द्यावा लागतो. त्याला सीड म्हणतात. सीड म्हणजे बी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी लॅबमध्ये एकटीच हसले होते.

गेल्या आठवड्यात मी हा प्रोग्राम वेगवेगळ्या सीडनं चालवला. सगळ्या वेळी हायड्रोजन नीट पसरला, एकदाच एका सांध्यावर गोळा झाला. मी प्रोग्रामची ओळ न् ओळ तपासली. चूक सापडली नाही, म्हणून आणखी घाबरले. माझे सर वाईट नाहीत, घाईत आहेत. म्हणाले, "काय मॅडम, एका रनसाठी पेपर अडकवता की काय? सीड बदला, पुन्हा चालवा, विषय संपला." पेपर अडकला की माझी पीएचडी अडकणार. पण उद्या असल्या पाइपाशेजारी कुणीतरी उभं असणार, हे डोक्यातून जाईना. शेवटी आज दुपारी तो रन आलेखात तसाच ठेवला, का ठेवला ते खाली लिहिलं आणि सरांना पाठवलं. उत्तर आलेलं नाही. फोन सारखा उलटसुलट करतेय.

हे पत्र कुठं पाठवणार? घडी करून चिंचोक्यांच्या डबीत ठेवते. एक सांगायचं राहिलं. सरांना तो आलेख पाठवू की नको हे ठरेना, म्हणून आधी तुझे चिंचोके टाकले होते. पांढरे जास्त पडले तर पाठवायचं. काळे जास्त पडले. मी पुन्हा टाकले. आत्या, खरंच, भिंतीला लागलं होतं.