नऊ हजार नऊशे त्र्याहत्तर बटणं

गणिताच्या प्राध्यापकास,

थोरल्या ताईचा आशीर्वाद, नि जवळ असतास तर एक धपाटाही. पाठ कशी आहे तुझी? भावजयीचा खोकला गेला का? नसेल तर तिला म्हणावं, दवाखाना दारात येत नसतो, आपण जायचं असतं. मी ठणठणीत आहे, डोकं सोडून. ते तुमच्या गणितानं खाल्लंय.

तुला ठाऊकच आहे, बटणांच्या कारखान्यात मी मोजणीला आहे. साच्यातून निघालेला ढीग माझ्या टेबलावर येतो, मी तो मोजते आणि प्रत्येक कार्डावर सारखी किती बसतील ते शिवणाऱ्या बायकांना सांगते. एकही सुटं उरता कामा नये. उरलं तर मोजणारीची चूक, असा आमच्याकडे कायदा (ज्याला मोजावं लागत नाही अशानंच केला असणार). बावीस वर्षांत माझं एक बटण उरलं नाही. आणि सोमवारी आला ढीग नऊ हजार नऊशे त्र्याहत्तरचा.

दोनात जाईना, तिनात जाईना, पाचाचं तर तोंडावरच कळलं. साताच्या ओळी लावल्या, पाच उरली. अकराच्या लावल्या, सात उरली. तेराला दोनच उरली, वाटलं आता आलं वठणीवर. सतराला परत अकरा! चार, सहा, आठ लावलेच नाहीत. जे दोनाला बधलं नाही ते त्यांना काय बधणार? अशी सत्त्याण्णवपर्यंत गेले नि थांबले. कारण कार्डावर शंभराहून जास्त घेतली तर कार्डंच शंभराहून कमी होणार, आणि तेवढ्याचा निकाल आधीच लागलाय, उलट्या बाजूनं. (हे मला कोणी शिकवलं नाही. तुला किती वर्षं लागली?)

मुकादम म्हणाला, "बाई, एवढा मोठा आकडा, कशात तरी जाणारच." म्हटलं, "मग घाला तुम्ही." तर हा दहाच्या ओळी लावत बसला, शेवटी तीन ढळढळीत दिसत असताना! मी म्हटलं, एक बाजूला काढू द्या, छत्तीस-छत्तीसची दोनशे सत्त्याहत्तर कार्डं होतात बिनबोभाट. नाही म्हणाला, ढिगातलं बटण बाहेर जाणार नाही. खरं दुखणं वेगळंच आहे. माझ्या खुर्चीत त्याला स्वतःचा साडू बसवायचाय. शनिवारी मला मालकासमोर उभी करणार आहे, 'मोजता येत नाही' म्हणून.

असो. मुलांना पापा.

तुझी,
चौथीतून शाळा सुटलेली ताई

ता. क. : कॉलेजच्या कागदावर, शिक्क्यासकट, दाखला पाठव: हा आकडा मूळ संख्या आहे, एकात आणि स्वतःत सोडून कशातही जात नाही, जन्मापासूनच असा आहे, यात बाईंचा दोष नाही. शनिवारच्या आत हवा.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवणार तोच एप्रनच्या घडीतून एक बटण पडलं. म्हणजे ढीग नऊ हजार नऊशे चौऱ्याहत्तरचा. तो दोनात जातो. पण निम्मा केला की पुढे कशात म्हणून जात नाही, लावून पाहिलं. म्हणजे दोन-दोन बटणांची चार हजार नऊशे सत्त्याऐंशी कार्डं! शिवणाऱ्या बायका मला जिवंत सोडतील का? तू दाखला त्र्याहत्तरचाच दे. बटण सोबत पाठवलंय, भावजयीला सांग, आजच्या आज तुझ्या शर्टाला शिवून टाक.