धुराड्याजवळची भिंत

लोवरी,

तू गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. रात्रभर समुद्राकडून पाऊस झोडपत होता. सकाळी उठल्याउठल्या धुराड्याजवळच्या भिंतीला हात लावून पाहिला. खडखडीत कोरडी! तुझ्या आईने त्या ओलीवर दरवर्षी रंग फासला, मी वरून सिमेंट थापलं, पण ओल काही हटली नाही. तू ते सगळं सिमेंट खरवडून काढलंस आणि धुराड्याच्या सांध्यात शिशाचा पत्रा बसवलास, तो पहिल्याच पावसाला पुरून उरला.

शेजारचा इद्वल आत्ता आला. "पोरींचं काम आहे का हे?" म्हणून हसला होता ना, तोच. त्यानेही भिंत चाचपली. "मिस्त्री कुठला आणलास रे?"

मी म्हटलं, "हळू बोल, मिस्त्री वर झोपलीय."

त्याच्याच गाडीतून बँगरच्या दवाखान्यात जातोय. छातीचा फोटो पुन्हा काढायचाय म्हणाले. तू कामावर जा, मागे येऊ नकोस. मटणाचं कालवण पातेल्यात आहे, गरम करून घे.

डॉक्टर काय सांगायचं ते सांगोत. हे घर आता माझ्या माघारीही गळायचं नाही.

बाबा