शेवाळातला भुंगेरा

प्रिय सीव,

अक्षर मोठं आणि ओळी वाकड्या दिसल्या तर हसू नकोस. चार दिवस समुद्रावर धुकं आहे. समोरचं फोरो बेट दिसत नाही, पाणी कुठं संपतं नि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नाही. किनाऱ्यावर वाहून आलेल्या शेवाळाचा आंबूस वास घरभर भरून राहिलाय. तुझ्या आईला तो सोसायचा नाही, मला मात्र त्या वासात अजून छान झोप लागते.

बातमी अशी, की शेवाळात एक भुंगेरा सापडलाय, आणि तो खरंच नव्या जातीचा आहे. संग्रहालयातल्या बाईंनीही मान्य केलं. लांबी अर्धा मिलिमीटर, रंग करपलेल्या पावासारखा, आणि पंख म्हणजे नुसती एक काडी नि तिला केसांची झालर. एवढ्याशा जिवाला हवासुद्धा पाण्यासारखी दाट लागत असेल. तो बहुतेक पोहतच जात असेल, असं मला दिवसभर वाटत राहतं. शेजारचा एस्किल म्हणतो, "पन्नास वर्षं कुजकं शेवाळ चिवडलंस, आणि हाती काय लागलं? ठिपका. माझ्या जाळ्यात निदान मासा तरी येतो." म्हटलं, तुझा मासा उद्या तव्यावर जाईल, माझा ठिपका राहील. मग त्यानंच कॉफी ओतली.

वर्णन महिनाअखेर छापायला द्यायचंय. एक ओळ अडलीय: मिशांना पेरं किती? त्यावरूनच हा आपल्या भावकीतून वेगळा निघतो, ती ओळ चुकली तर सगळंच चुकलं. मी अकरा लिहिलं, कारण आजवर अकराच लिहीत आलोय. मग खोडलं. खरं सांगतो, मी मोजलीच नाहीत. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की मधोमध धुरकट डाग येतो, आणि तिरपं पाहिलं तरच भुंगेरा कडेला क्षणभर दिसतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, हे आता वाढतच जाणार. कुणाला सांगितलं नाही. एस्किलला वाटतं, मी नजरेला नजर देत नाही म्हणजे रुसलोय.

आठ वर्षांची असताना तू स्टुलावर उभी राहून मोजायचीस. "बाबा, नीट बघा ना, याचं एक पेर चिकटलंय," म्हणायचीस, आणि तुझंच बरोबर निघायचं. भुंगेऱ्याच्या टाचणीला लावायच्या चिठ्ठीवर मात्र शोधणारा म्हणून दर वेळी मी माझं नाव घालायचो. सतराव्या वर्षी तू सगळे खण उघडून त्या चिठ्ठ्या एकेक करून वाचल्यास आणि त्याच दिवशी बोटीनं निघून गेलीस. तेव्हा वाटलं, एवढा कसला राग, चिठ्ठीच तर आहे. आता लाज वाटते.

हा भुंगेराही तुझाच, सीव. मागच्या ऑगस्टमध्ये, सहा वर्षांनी, एका दिवसासाठी आलीस. आपल्याला बोलायला काही सुचेना, म्हणून तू चाळणी घेऊन किनाऱ्यावर शेवाळ चाळत बसलीस. त्या चाळणीतला हा. तू गेल्यावर मला तो सापडला, आणि मी सवयीनं पुन्हा माझंच नाव लिहिलं. काल ती चिठ्ठी काढून टाकली. तुझ्या नावाची लिहायला घेतली, तर पेन्सिलीचं टोकच दिसेना. म्हणून हे पत्र. ये, मिशांची पेरं मोज. दहा भरली तर दहाच सांग, माझ्यासाठी अकरा करू नकोस. मग चिठ्ठीवर तुझं नाव तुझ्या हातानं लिही. मला ते वाचता येणार नाही, तेव्हा एकदा मोठ्यानं वाचून दाखव.

तुझाच,
बाबा