समोरच्या आळीतली एक सही

चि. सौ. प्राचीस वहिनीचे अनेक आशीर्वाद. पित्ताचं म्हणशील तर उपाशीपोटी चहा बंद कर, तेवढंच औषध. भावोजींचा घोडा लंगडायचा थांबला का?

आता ऐक. मी ग्रामपंचायतीला उभी आहे! बायकांची राखीव जागा या खेपेला समोरच्या आळीच्या प्रभागात गेली, म्हणून अर्ज तिथून. उमेदवार गावातला कुठलाही मतदार चालतो; सूचक मात्र त्याच प्रभागाच्या यादीतला हवा आणि सही त्याची स्वतःची हवी. मला वाटलं, एकच तर सही, चहा उकळेस्तोवर आणीन. पण त्या आळीत मी भांडले नाही असं एक घर नाही. (भांडले म्हणजे समजावलं. गटारात खरकटं टाकणारीला ओवाळायचं का?) लडकूला सार्वजनिक नळावर टेंपो धुतल्याबद्दल मीच बोलले होते. तो म्हणाला, "केली असती ओ सही, पन हात मुरगळलाय." आणि त्याच हाताने टेंपोला किल्ली मारून गेला. शकूने तर खिडकीतूनच सांगितलं की ती घरात नाही.

मुदत त्याच दुपारी संपणार. राहिली अमिरुन्निसा, जिच्याशी कोंबड्यांवरून गेल्या पावसाळ्यापासून अबोला. गेले. (मान खाली घालून नव्हे.) तिने माझा अर्ज, मग माझं तोंड निरखून पाहिलं आणि पेन मागितलं. मी म्हटलं, "मला वाटलं तू नाही म्हणशील."

"नाय कशाला म्हनू? तू निवडून आलीस का दिवसभर पंचायतीत बसशील. आमच्या आळीला जरा चैन पडंल गं."

तिचं नाव लांब, चौकट आखूड. 'सा' समासात गेला. तरी खालापूरला तहसील कचेरीत अर्ज घेतला! परतताना रिक्षात मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

तुझी,
वहिनी

ता. क. पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं. मी बिनविरोध! दुसरा अर्ज वनिताचा होता. तो मागे घे म्हणून सगळी आळी तिच्या दारात जाऊन बसली. का, ते मला कळतं. पण बिनविरोध ते बिनविरोध.

आणखी एक, खरं पत्र याचसाठी. लग्न होऊन तू माथेरानला गेलीस, पण नाव अजून आपल्याच यादीत, आणि दर मतदानाला इथे येऊन चार दिवस माहेरपण करतेस. राहत नाही तिथे मत देता येत नाही. आता मी सदस्य, सुरुवात घरापासून. नाव हलवायचा फॉर्म सोबत आहे. सही तुझी हवी, भावोजींनी मारलेली नको. माहेरपणाला केव्हाही ये, त्याला यादीत नाव लागत नाही.