झडती

ताई,

हे पत्र मी टाकणार नाही. तुझी पत्रं सासरे आधी फोडतात आणि धाकटा भाऊ वारला असं तू त्यांना सांगून ठेवलंयस.

मला घड्याळांच्या कारखान्यात काम लागलं, तृतीयपंथी म्हणून, अगदी रीतसर. सुटताना दारावर सगळ्यांची झडती होते. बायकांची रखवालदारीण घेते. माझी कोणी घ्यायची, यावर साहेबांनी सगळ्यांना जमवलं आणि मोठ्या मनाने सांगितलं, "यांची झडती घ्यायची नाही. यांना अवघडल्यासारखं व्हायला नको." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खुळी कुठली.

गेल्या आठवड्यात सोनेरी घड्याळं गायब झाली. मला कुणी चकार शब्द बोललं नाही, पण डबा खाताना माझ्या शेजारी बसणंच बंद झालं. झडतीशिवाय बाहेर पडणारी मी एकटीच ना.

काल मी आपणहून बायकांच्या रांगेत लागले. रखवालदारणीसमोर हात वर करून म्हटलं, "मावशी, माझीपण घ्या."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग थांब म्हणाली, आत गेली आणि हातमोजे घालून आली.

माझ्या पुढच्या बायकांना तिने नुसत्या हातांनीच तपासलं होतं.

तुझी,
न वारलेली धाकटी बहीण